समेट व्हावा, पण लेखी आणि तारखेसकट

सातारा-सांगलीकडे भांडण कोर्टात गेले की दोन्ही घरे बसतात, हे पिढ्यानपिढ्यांचे शहाणपण. बांध, विहिरीची पाळी, सामाईक रस्ता असले वाद पारावर मिटवायची सवय इथे मुरलेली आहे. २००७ साली राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तीही तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. ही सवय मोलाची आहे. मात्र ती जशीच्या तशी कारखान्याच्या गेटातून आत नेली की तिचा विचका होतो. बांधाच्या भांडणात दोघांच्याही हातात सातबारा असतो. कामावरच्या भेदभावाच्या तक्रारीत एकजण हजेरी लिहितो आणि दुसऱ्याची हजेरी लिहिली जाते. तिथे ‘चहा घ्या आणि मिटवून टाका’ म्हणणारा पंच नकळत हजेरी लिहिणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो.

तरीही अशा बहुतेक तक्रारी समेटानेच सुटाव्यात, असे आमचे ठाम मत आहे. कुपवाड किंवा शिरवळच्या एमआयडीसीत पाळीवर काम करणाऱ्या बाईला कोर्टाची प्रत्येक तारीख म्हणजे एक बुडालेला रोज. तिला निकालपत्र नको असते; तिला तीच नोकरी, तोच पगार आणि थोडे मानाने जगणे हवे असते. कोर्ट झालेल्या अन्यायावर बोट ठेवते, पण पुढच्या महिन्याचा शिफ्टचार्ट कसा लावायचा हे ठरवून देत नाही. ते समेटाच्या टेबलावर ठरू शकते. अट एवढीच की समेट तक्रारदाराने मागितलेला असावा, बोलणी सुरू होण्याआधी कागद टेबलावर यावेत, ठरलेली प्रत्येक गोष्ट मोजता यावी आणि शब्द फिरवला गेला तर चौकशीची वाट उघडी असावी. यातली एक अट गळली तरी तो समेट राहत नाही, दडपादडपी होते.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात उघडा भेदभाव आहे बायकांच्या हजेरीचा. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पट्ट्यात बेदाण्याच्या शेडवर, हळदीच्या गोदामात, रोपवाटिकेत ‘गड्याची हजेरी’ आणि ‘बाईची हजेरी’ असे दोन दर सर्रास बोलले जातात, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. कायद्याला मात्र १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून ते मान्य नाही. समान वेतनाची ती तरतूद आता वेतन संहितेत आली आहे. दोन कामे सारखी आहेत की नाहीत, हे कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टींवरून ठरते. किरकोळ फरक असला, तरी व्यवहारात त्याला महत्त्व नसेल तर तो धरायचा नाही, असेही संहिता सांगते.

मालकाचे उत्तर ठरलेले असते: पुरुष जड काम करतात. त्यावर वाद घालत बसण्यात अर्थ नसतो. एक कोरा कागद घ्यावा, दोन रकाने आखावेत आणि सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, तासातासाला कोण काय करते ते लिहावे. क्रेट उतरवणे, जाळीवर घालणे, निवडणे, प्रतवारी, बॉक्स भरणे, वजन, गाडी भरणे. बहुतेक ठिकाणी दिसते असे की चढ-उताराचे काम दिवसातले दीड-दोन तास असते आणि उरलेला दिवस दोघे एकाच टेबलाशी बसून तेच करतात. मग दीड-दोन तासांसाठी दिवसभराचा दर वेगळा का, हा प्रश्न कुणी न विचारता समोर येतो. तोडगाही तिथेच दिसतो: रोजाचा दर एक, आणि चढ-उताराचा भत्ता वेगळा. ते काम जो करेल किंवा जी करेल, भत्ता त्याला किंवा तिला.

आकडा मांडल्याशिवाय बोलणी पुढे सरकत नाहीत. समजा पुरुषाला ५०० आणि बाईला ३५० रुपये रोज आहे. फरक १५० रुपयांचा. १०० दिवसांच्या हंगामात एका बाईचे १५,००० रुपये, आणि शेडवर १२ जणी असतील तर १ लाख ८० हजार. हा आकडा ऐकून मालक म्हणतो, एवढे एकदम कुठून आणू? हे म्हणणे खरेही असू शकते, आणि समेटाचा उपयोग इथेच आहे. रक्कम तीन हप्त्यांत द्यायची की सहा, पहिला हप्ता माल विकल्यावर की आधी, यावर बोलता येते. द्यायची की नाही, यावर बोलता येत नाही. आर्थिक परिस्थिती ही समान वेतन न देण्याची सबब होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्या प्रकरणातली दुसरी गोष्ट समेट घडवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. कंपनीचा बचाव असा होता की स्त्री लघुलेखकांचा कमी पगार युनियनशी झालेल्या करारातूनच आला आहे. न्यायालयाने तो मानला नाही. दोन्ही पक्ष राजी असले तरी कायद्याने ठरवलेल्या पातळीच्या खाली जाणारा करार टिकत नाही. आजच्या वेतन संहितेतही कामगाराने हक्काची रक्कम सोडून देण्याचा करार शून्यवत धरला आहे. ‘मागचे विसरा, पुढचे नीट देतो’ या वाक्यावर सही घेणाऱ्यांना हे ठाऊक नसते, किंवा समोरच्या बाईला ठाऊक नाही हे त्यांना पक्के ठाऊक असते.

इथे एक तिसरा पक्ष असतो आणि त्याचा विचार फार कमी वेळा होतो: सोबतचे पुरुष कामगार. पगारवाढीच्या मागणीत सगळे एका बाजूला असतात. भेदभावाच्या तक्रारीत तसे नसते, कारण ज्यांना जास्त मिळत आले त्यांना आपल्या ताटातले जाईल अशी धास्ती वाटते. पहिल्याच बैठकीत त्यांना सांगावे की समान वेतन करण्यासाठी कुणाचाही चालू दर कमी करायला कायद्याने बंदी आहे. एवढ्या एका वाक्याने निम्मा विरोध मावळतो. न सांगितल्यास काय होते? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी. सदस्य जास्तीत जास्त १०, मालकाचे आणि कामगारांचे निम्मे निम्मे, आणि एकूण कामगारांत बायका ज्या प्रमाणात असतील किमान त्या प्रमाणात समितीत. निर्णय बहुमताने होतो, पण कामगारांच्या सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक जण राजी नसतील तर निर्णय झालाच नाही असे धरले जाते. युनियनला संरक्षण देणारी ही तरतूद बायकांच्या तक्रारीत उलटू शकते. पाचपैकी तीन कामगार सदस्यांना आपला ओटी (जादा तासांचे काम) कमी होईल असे वाटले, तर मालक तयार असूनही तक्रार तिथेच अडते.

समितीकडे एका वर्षाच्या आत जाता येते आणि तिने ३० दिवसांत काम संपवायचे असते. तिथे सुटले नाही तर ६० दिवसांत सरकारने नेमलेल्या समेट अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि तोही आपण सभासद असलेल्या युनियनमार्फत. आमचा खरा आक्षेप या शेवटच्या अटीवर आहे. कारखान्यातल्या कायम कामगाराला युनियन असते. पॅकिंगच्या टेबलावर ठेकेदारामार्फत आलेल्या मुलीला, गोदामात चाळण मारणाऱ्या बाईला कसली आली युनियन? ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्यांनाच दार गाठायला दुसऱ्याचा हात धरावा लागतो. या बायकांना सभासद करून घेणे हे जिल्ह्यातल्या प्रत्येक युनियनचे आजचे काम आहे, आणि सभासद झालेल्या बाईची तक्रार पुढे पाठवायला टाळाटाळ करणारी युनियन भेदभावात वाटेकरी आहे, इतके स्पष्ट बोलायला हवे.

समेट अधिकारी न्यायाधीश नसतो. तो निकाल देत नाही. पण माणसे आणि कागद बोलावून घेण्याचा अधिकार त्याला आहे, आणि भेदभावाच्या तक्रारीत तोच सगळ्यात मोठा. एकट्या बाईला माहीत असते फक्त स्वतःची पगारस्लिप. तुलना करायला दुसऱ्याची लागते. म्हणून अर्जातच लिहावे: मागील १२ महिन्यांचे हजेरीपत्रक, वेतन नोंदवही, ओटीची नोंद, सहा महिन्यांचे शिफ्टचार्ट, शेवटच्या बढत्यांची यादी आणि त्या कुठल्या निकषावर दिल्या तो कागद. पहिली बैठक फक्त कागद बघण्यासाठी ठेवावी. कागद येण्याआधी तोडग्यावर बोलणे सुरू झाले की तक्रारदार अंदाजाने मागते आणि मालक अंदाजाने नाकारतो. कायद्याने या कामाला ४५ दिवस दिले आहेत. कागद मागवण्यातच ३० गेले तर उरलेल्या १५ दिवसांत घाईघाईने काहीतरी लिहिले जाते.

आता लैंगिक छळाच्या तक्रारी. इथे समेटाचे नियम सर्वांत स्पष्ट आहेत आणि सर्वांत जास्त मोडले जातात. २०१३ च्या कायद्यानुसार चौकशी सुरू होण्याआधी, आणि केवळ तक्रारदार महिलेने विनंती केली तरच, अंतर्गत समिती (अशा तक्रारींसाठी आस्थापनेतच नेमलेली) समेटाचा प्रयत्न करू शकते. त्याचा आधार पैसा असू शकत नाही. समेट झाला की चौकशी होत नाही. अटी मोडल्या तर मात्र तिने कळवल्यावर समितीला चौकशीकडे वळावे लागते किंवा तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. प्रत्यक्षात मात्र एचआरमधले कुणीतरी तिला केबिनमध्ये बोलावते: ‘ताई, तो माफी मागतोय, लेकराबाळांचा माणूस आहे, सोडून द्या.’ ही विनंती तिची नाही, तिच्याकडे आलेली आहे. असा समेट कायद्यातला समेटच नाही.

तक्रारीला मुदत तीन महिन्यांची असते आणि सबळ कारण लेखी नोंदवून समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. ‘बघू, बोलतो त्याच्याशी’ यात ही मुदत निघून जाते, आणि पुष्कळ वेळा ती निघून जावी म्हणूनच बोलणी लांबवली जातात. म्हणून आधी लेखी तक्रार, पोच हातात, आणि मग हवा असेल तर समेटासाठी वेगळा लेखी अर्ज. हा क्रम कुणाच्याही सांगण्यावरून बदलू नये. दोघांना समोरासमोर बसवण्याचीही गरज नसते. दोन खोल्यांत बसवून समितीने निरोप ने-आण केली तरी चालते आणि बहुधा तेच बरे. बलात्कार, जबरदस्ती, धमकी असल्या प्रकारांत तर समितीने समेटाचे नावही काढू नये.

जिथे १० पेक्षा कमी माणसे काम करतात किंवा तक्रार खुद्द मालकावर आहे, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. शेडवरची बाई जिल्ह्याच्या गावी कशी जाणार? तिच्यासाठी तालुक्याला समन्वय अधिकारी असावा आणि त्याने तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवावी, असे कायद्यात आहे. जत, आटपाडी, माण, पाटण या तालुक्यांत हा अधिकारी कोण, हे पंचायत समितीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावलेले असायला हवे. कायदा होऊन दशक उलटल्यावर, डिसेंबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला सगळ्या राज्यांना जिल्हा अधिकारी नेमा आणि समित्या करा म्हणून पुन्हा बजावावे लागले, ही आपल्या सगळ्यांच्या लाजेची गोष्ट आहे.

जातीच्या बाबतीत समेट कुठे थांबतो याची रेघ ठळक ठेवली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांदेखत जातीवरून शिवीगाळ, अपमान, धमकी हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा आहे. तो कुठल्याही समितीला मिटवता येत नाही. साफसफाईचे काम अस्पृश्यतेच्या भावनेने ठरावीक समाजाच्या माणसाच्याच माथी मारणे हाही १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हाच. गावकीच्या दबावाने, ‘एकाच गावात राहायचे आहे’ म्हणून अशा तक्रारी कंपनीच्या मीटिंगरूममध्ये मिटवल्या जातात, त्याला समेट म्हणणे हा त्या माणसाचा दुसरा अपमान आहे. पण बढती डावलणे, ओटी न देणे, कायम तिसरी पाळी लावणे अशा गोष्टींत जात बोलून दाखवली जात नाही, नुसती वापरली जाते. खासगी नोकरीत यासाठी थेट कायदा भारतात नाही, जरी नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ वा करार आपण १९६० मध्येच स्वीकारला आहे. इथे समेटाचे टेबल उपयोगी पडते, कारण तिथे मालकाचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. गेल्या वर्षभरात तिसरी पाळी कुणाला किती वेळा लागली, एवढी यादी पुरते. गुणवत्ता सोडून एका गटाला झुकते माप देणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातही अनुचित कामगार प्रथा मानलेली आहे, हे समोरच्याला आठवण करून द्यायला हरकत नाही.

शिक्षकांचा प्रश्न वेगळा आहे. कर्मवीरांच्या या भागात शिक्षणसंस्था हे सर्वांत मोठ्या मालकांपैकी एक, पण शिक्षक कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ठरवले. त्यामुळे समेट अधिकाऱ्याचे दार त्यांना बंद आहे. सेवाज्येष्ठता डावलून बढती दिली तर खासगी शाळेतल्या शिक्षकाला शाळा न्यायाधिकरण आहे, पण तो सरळ खटला. मध्ये बोलणीची पायरी नाही. मोठ्या संस्थांनी आपल्या घटनेत ती पायरी स्वतःहून घालावी. सरकारी कार्यालयातल्या दिव्यांग कर्मचाऱ्याला मात्र पायरी आहे: २०१६ च्या कायद्यानुसार तक्रार निवारण अधिकारी, तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी, आणि समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती.

टेबलावर सगळे जमले तरी समेट बिघडतो तो लिहिताना. ‘आस्थापना यापुढे कोणताही भेदभाव करणार नाही व दोन्ही पक्ष सलोख्याने वागतील’ असे वाक्य करारात दिसले की समजावे, काहीच ठरलेले नाही. हे वाक्य मोडले गेले हे सिद्धच करता येत नाही. त्याऐवजी असे हवे: ‘१ तारखेपासून निवड, प्रतवारी आणि बॉक्स भरणे या कामांना स्त्री-पुरुष सर्वांना एकच रोजाचा दर राहील. मागील फरकाची रक्कम तीन समान हप्त्यांत, प्रत्येक महिन्याच्या ७ तारखेपर्यंत बँक खात्यात जमा होईल. पुढील १२ महिने तक्रारदाराची पाळी, विभाग किंवा बसचा मार्ग तिच्या लेखी संमतीशिवाय बदलला जाणार नाही आणि तिचा ओटी विभागाच्या सरासरीपेक्षा कमी राहणार नाही.’

बसचा मार्ग किरकोळ वाटेल, पण सूड घेतला जातो तो असाच. कुणी कामावरून काढत नाही. सेकंड शिफ्ट लागते, घराजवळचा थांबा बंद होतो, ओटीच्या यादीत नाव येत नाही आणि तीन महिन्यांत ती आपणहून राजीनामा देते. म्हणून ३०, ९० आणि १८० दिवसांनी आढावा, आणि आढाव्याला पुन्हा तेच हजेरीपत्रक, तोच शिफ्टचार्ट.

ठेकेदार हा आणखी एक खड्डा. सही ठेकेदाराची असते, मूळ कंपनीची नसते. वर्ष संपले, ठेका दुसऱ्या नावावर गेला, माणसे तीच, यंत्र तेच, आणि समेट मात्र हवेत. दोघांच्या सह्या आणि ‘ठेकेदार बदलला तरी या अटी लागू राहतील’ हे वाक्य, याशिवाय सही करू नये. करार मराठीत असावा, मोठ्याने वाचून दाखवावा, प्रत त्याच दिवशी हातात द्यावी.

पगाराच्या तक्रारीत शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोरच सह्या कराव्यात. आपापसात झालेला करार फक्त सह्या करणाऱ्यांना बांधतो; समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर कामाला येणाऱ्यांनाही. एका बाईने धीर केला तर बाराही जणींचा दर बदलतो. करारातली रक्कम मालकाने बुडवली, तर अर्ज केल्यावर ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते; तो अर्ज एका वर्षाच्या आत करायचा असतो. छळाच्या प्रकरणात मात्र गुप्तता हवीच, ती कायद्यानेच बंधनकारक आहे. दराचा करार नोटीस बोर्डावर लावावा. छळाच्या प्रकरणाचा कागद कपाटाबाहेर येता कामा नये.

समेट फसला तर अधिकाऱ्याकडून अपयशाच्या अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि मिळाल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. त्या तारखेपासून ९० दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे थेट अर्ज करता येतो. समेटाच्या वेळी जमवलेली हजेरीपत्रके, तासांचा तो दोन रकान्यांचा कागद आणि फरकाचा हिशेब त्या अर्जाला जोडावा.